फुमु : पाय देणे, अंदाज बांधणे आणि बरंच काही

पायवाट
नमस्कार मंडळी. मी पुण्यातून एका जपानी ग्राहकाच्या टीमबरोबर काम करतो. जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-थ्री पातळी झालीय, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यावरची एन-टू द्यायची आहे. गेल्या आठवड्यात कॉलवर तिकडचे प्रमुख म्हणाले, "निश्यूकान् वा काकारु तो फुन्दे इमास." दोन आठवडे कळले, लागणार हेही कळलं, पण 'फुन्दे'पाशी मी अडलो. ते फुमु या क्रियापदाचं रूप, आणि फुमु म्हणजे पाय देणे, तुडवणे, एवढंच मला माहीत होतं. वाक्याचा सूर ठाम वाटला म्हणून मी मिनिट्समध्ये लिहिलं की दोन आठवडे लागतील हे त्यांनी कळवलं आहे. ते प्रत्यक्षात म्हणत होते, "माझा होरा आहे की दोन आठवडे तरी लागतील." अंदाज आणि दिलेला शब्द यांत केवढं अंतर असतं! ती तारीख आराखड्यात जाऊन बसली आणि दोन दिवसांनी सगळं पुन्हा मांडावं लागलं.

त्यानंतर कोश उघडला तर हे क्रियापद संपेचना. ब्रेक दाबणे फुमु. कामाच्या रीतसर पायऱ्या पार करणे, तेत्सुझुकि ओ फुमु. कवितेत यमक साधणे, इन् ओ फुमु. कचरणे, नि नो आशि ओ फुमु. कर्ज बुडवणे, फुमिताओसु. ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसणारं '~ओ फुमाएते', म्हणजे '~ लक्षात घेऊन', हेही याच घरातलं.

माझा प्रश्न असा : असं क्रियापद शिकायचं कसं? प्रत्येक अर्थ वेगळा शब्द समजून पाठ करायचा, की मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती एकदा पायाला कळली की बाकीचं आपोआप येतं? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण 'पाय देणे'पासून 'अंदाज बांधणे'पर्यंतचा रस्ता मला दिसत नाही.

चुकचुक
मी एन-फोरची तयारी करतेय. माझी आणि फुमुची ओळख एकाच वाक्यातून झाली : गाडीत कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला. इतके अर्थ असतात हे आत्ताच कळलं. वाचतेय, लिहीत राहा.

बंदरावरून
पायवाट, माझं मत स्पष्ट आहे. मूळ शोधत बसू नका. जोड्या पाठ करा. तेत्सुझुकि आला की फुमु, ब्रेक आला की फुमु, यमक आलं की फुमु. आपल्याकडे 'खाणे' घ्या. भाव खाणे, मार खाणे, पैसे खाणे, हवा खाणे, डोकं खाणे. एखाद्या जपानी माणसाने विचारलं की मुळाशी काय आहे, तर तुम्ही काय सांगाल? 'तोंडात घालणे' हे सूत्र धरून तो 'हवा खायला गेलो'पर्यंत कधीच पोचणार नाही. मी अठरा वर्षं भाषांतर करतोय, मला शब्दांच्या जोड्यांनी तारलंय, तत्त्वांनी नाही.

रानजाई
मी पुण्यात जपानी शिकवते, वीसेक वर्षं झाली. बंदरावरून यांचं म्हणणं निम्मं पटतं. जोड्या पाठ कराव्याच लागतात. पण वर्गात मी एक गोष्ट आधी करून घेते. सगळ्यांना उभं करते आणि चप्पल काढून एक पाऊल टाकायला लावते. पाऊल उचलणं म्हणजे फुमु नाही. चालणं म्हणजेही नाही, त्याला आरुकु आहे. तळवा कशावर तरी टेकला आणि अंगाचा भार त्यावर गेला, तो क्षण म्हणजे फुमु. त्या खालच्या वस्तूला 'ओ' हा कर्माचा प्रत्यय लागतो. हे एकदा अंगात गेलं की ब्रेक, जमीन, पायरी, सापाचं शेपूट सगळं एका रांगेत येतं.

मराठी मुलांची खरी अडचण वेगळीच आहे. ती फुमुचं भाषांतर लगेच 'तुडवणे' करतात. आपल्या 'तुडवणे'ला एक दुखरा सूर आहे : पायदळी तुडवलं, हक्क तुडवले, पीक तुडवलं. फुमुला तो सूर नाही. ते सरळ क्रियापद आहे. अपमान हवा असेल तर जपानी फुमित्सुकेरु म्हणतो, किंवा फुमिनिजिरु. त्यामुळे 'रीत तुडवली' असं मनात आलं की 'तेत्सुझुकि ओ फुमु'चा अर्थ नेमका उलटा होतो. मुलांना वाटतं नियम मोडला, आणि वाक्य सांगत असतं की नियमाची एकेक पायरी चढून गेलो.

चुकचुक, तुझं वाक्य फार मोलाचं आहे. "वाताशि वा देन्श्या दे आशि ओ फुमारेमाश्ता." बघ, वाक्य 'मी'चं आहे, पायाचं नाही. आपली मुलं 'वाताशि नो आशि गा' असं सुरू करतात, कारण मराठीत आपण पायाचं बोलतो. जपानी म्हणतो, त्रास मला झाला. पाय फक्त जागा आहे.

शिवारातला
रानजाईताई, 'तुडवणे'ला नेहमीच दुखरा सूर नसतो हो. आम्ही निफाडकडचे. चिखल तुडवतात, वाट तुडवतात, रान तुडवतात. खळ्यात बैल कणसं तुडवायचे तेव्हा दाणा मोकळा व्हायचा, त्यात वाईट काहीच नव्हतं. शहरात हा शब्द फक्त बातम्यांमध्ये उरला म्हणून तो वाईट झाला.

रानजाई
अगदी मान्य, दादा. वाट तुडवणे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उद्याच्या वर्गात हेच सांगते.

निशिकासाई_वारा
तोक्योहून लिहितोय. फुमिकिरिचा उल्लेख कुणी केला नाही अजून! रेल्वेचं फाटक. आमच्याकडे 'कान् कान् कान्' वाजायला लागलं की सायकली थांबतात. आणि इथे मोटारवाल्याला फाटक उघडं असलं तरी थांबून, बघूनच रूळ ओलांडावे लागतात, कायदाच तसा आहे. माझ्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत सगळ्यात आधी हेच विचारलं होतं.

याच शब्दाचं क्रियापद फुमिकिरु. लांब उडीत ज्या फळीवरून उसळतात ती फुमिकिरि-इता. आणि त्यावरूनच 'केक्कोन् नि फुमिकित्ता', म्हणजे एकदाची लग्नाची उडी घेतली. म्हणजे बघा, फळीवर शेवटचा पाय ठाम पडला की मागे येता येत नाही. मला हे वाक्य पहिल्यांदा एका सहकाऱ्याने स्वतःच्या लग्नाबद्दल सांगितलं आणि मी रेल्वे फाटकाजवळ भेटले असतील असं धरून चाललो होतो. त्यांनी हसून कागदावर लांब उडी काढून दाखवली.

एक गंभीर शब्दही लिहून ठेवतो : फुमिमाचिगाए. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सेलरेटरवर पाय पडणे. वृद्ध चालकांच्या अपघातांच्या बातम्यांत हा शब्द सतत येतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये इथल्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. त्यानंतर कितीतरी वृद्धांनी आपणहून लायसन्स परत केली. मला तो शब्द कोशातून शिकावा लागला नाही.

तांबडी_माती
मी कोल्हापूरचा, कुस्तीतला माणूस. सुमोचे पैलवान पाय बाजूला उंच उचलून धाडकन जमिनीवर आपटतात, त्याला 'शिको ओ फुमु' म्हणतात ना? मग 'आपटणे' का नाही म्हणत? बघताना तर आपटल्यासारखंच वाटतं.

रानजाई
छान प्रश्न. आपटण्यात जोर वस्तूवर निघून जातो. शिकोमध्ये पाय टेकल्यावर सगळा भार हळूहळू त्या तळव्यावर उतरतो, कंबर खाली जाते आणि पैलवान तिथे स्थिर होतो. जमिनीतलं अमंगळ दाबून टाकणं हाही भाव त्यात सांगतात. दाबून ठेवायचं असेल तर भार लागतोच.

तांबडी_माती
पटलं. आम्ही हौद्यात उतरताना आधी माती कपाळाला लावतो. पाय द्यायच्या आधी तिची परवानगी घेतल्यासारखं. खासबागेत लहानपणापासून पाहिलंय. तिकडे पाय देणं हाच नमस्कार दिसतोय. शड्डू आणि शिको शेजारी शेजारी ठेवून एक लेख लिहायला पाहिजे कुणीतरी.

अक्षरगंध
यमकाबद्दल बोलू का? 'इन् ओ फुमु' वाचून मला विशेष आनंद झाला. आपल्याकडे यमक जुळवतात, साधतात. पण कवितेच्या ओळीला आपण काय म्हणतो? चरण. ओवीला चरण, श्लोकाला चरण, गाण्याला पद. दोन्हींचा मूळ अर्थ पाय! म्हणजे आपल्याकडे कविता पायांवर उभी असते, आणि जपानीत कवी यमकावर पाय ठेवत जातो. ठरलेल्या जागी पाऊल पडलं पाहिजे, नाहीतर ताल जातो. आजचे तिकडचे रॅपवालेही हेच क्रियापद वापरतात.

आता याहून सुंदर गोष्ट. जुन्या जपानीत 'फुमि' म्हणजे पत्रही. ह्याकुनिन् इश्शु या शंभर कवींच्या शंभर कवितांच्या संग्रहात साठावी कविता कोशिकिबु नो नाइशिची आहे. तिची आई इझुमि शिकिबु मोठी कवयित्री. आई तान्गो प्रांतात गेली होती, इकडे राजधानीत काव्यस्पर्धा होती, आणि फुजिवारा नो सादायोरि नावाच्या सरदाराने मुलीला चिडवलं, "काय, आईकडून पत्र आलं का?" म्हणजे कविता आईच लिहून देते असा टोमणा. तिने जागच्या जागी उत्तर दिलं. आई आहे तिथे जायचा रस्ता फार लांबचा, म्हणून तिकडच्या आमानोहाशिदाते या जागेबद्दल ती म्हणते, 'मादा फुमि मो मिझु'. याचा एक अर्थ, तिथे मी अजून पाऊलही ठेवलेलं नाही. दुसरा अर्थ, तिथून आलेलं पत्रही मी पाहिलेलं नाही. एका शब्दात दोन्ही! एवढा घट्ट श्लेष मी मोरोपंतांकडेच पाहिलाय. सरदाराला उत्तर सुचलं नाही आणि तो निघून गेला असं सांगतात.

सोनचाफा
अक्षरगंध, ही गोष्ट मला माझ्या सुनेने सांगितली होती, पण 'फुमि'चा पाय मला आज दिसला. मनापासून आभार.

मला या शब्दाची वेगळीच आठवण आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेले होते तेव्हा त्याने मला तोक्योत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. एका काचेत पितळेचे लहानसे चौकोनी पट्टे होते. त्यावर येशूची, मेरीची चित्रं उठावात. चेहरे मात्र झिजून गुळगुळीत झालेले. मुलगा म्हणाला, आई, ही फुमि-ए. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि मग नागासाकीसारख्या ठिकाणी लोकांना वर्षातून एकदा या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. पाय दिला तर तू ख्रिस्ती नाहीस, अडखळलास तर संशयित. आधी कागदावरची चित्रं होती, ती फाटायची, म्हणून १६६९ मध्ये हे पितळेचे पट्टे ओतून घेतले. जवळजवळ दोनशे वर्षं हे चालू होतं.

आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात आपसूक कपाळाला जातो. मी त्या काचेसमोर उभी होते आणि माझा हात तसाच वर गेला. त्या गुळगुळीत चेहऱ्यांवर किती लोकांचे पाय थरथरत टेकले असतील. आणि तरीही कितीतरी घरांनी मनातला धर्म सात-आठ पिढ्या जपला. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले आणि पाद्र्याला हळूच म्हणाले, तुमच्या मनात आहे तेच आमच्याही मनात आहे. मुलाने हे सांगितलं तेव्हा मला तिथेच बसावं लागलं.

निशिकासाई_वारा
काकू, वाचून बोलणं सुचेना. एक भर घालतो. फुमि-ए हा शब्द आजही बातम्यांत येतो. पक्षात कुणाची निष्ठा तपासायला एखाद्या ठरावावर मत द्यायला लावलं, तर त्या ठरावाला फुमि-ए म्हणतात. इतिहास माहीत नसेल तर तो शब्द साधा वाटतो. तुमचं वाचल्यावर पुन्हा तसा वाटणार नाही.

चुकचुक
सोनचाफाकाकू, मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे पाय देणं ही परीक्षा होती आणि पाय न देणं हे उत्तर.

बंदरावरून
सोनचाफाताई, तुमच्या प्रतिसादाने धागा वेगळ्याच जागी नेला. तरी मूळ वादावर एक आक्षेप नोंदवतो, कारण तो महत्त्वाचा आहे. 'फुन्दारि केत्तारि' घ्या. अर्थ : संकटावर संकट, आपला दुष्काळात तेरावा महिना. शब्दशः काय, तर 'तुडवलं काय, लाथाडलं काय'. म्हणजे बोलणारा स्वतःच तुडवतोय असं व्याकरण सांगतं, आणि अर्थ मात्र असा की बोलणाऱ्यालाच तुडवलं गेलंय! रानजाईताईंचा तळवा इथे कुणाचा? भार कुणावर? तत्त्व कोसळतं. हे वाक्य तसंच्या तसं उचलावं लागतं.

रानजाई
हा प्रश्न जपानी लोकसुद्धा एकमेकांना विचारतात. 'फुमारेतारि केरारेतारि', म्हणजे 'तुडवले गेलो, लाथाडले गेलो', असं असायला हवं की नको यावर तिकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. मी मान्य करते, हे तसंच्या तसं उचलायचं. पण एका म्हणीवरून मी सगळं क्रियापद सोडून देणार नाही.

बंदरावरून
एक नाही. 'फुमिताओसु' पाहा. कर्जावर पाय देऊन आडवं करणं म्हणजे कर्ज न फेडणं. आपण पैसे बुडवतो, पाण्यात. तिकडे पैसे पायाने आडवे पाडतात, जमिनीवर. तुमच्या तळव्याच्या तत्त्वातून 'न फेडणे' कसं निघेल?

शिवारातला
बंदरावरून, ते मात्र मला सहज निघतं. उभ्या पिकात जनावर शिरलं की पीक आडवं होतं आणि ते जनावर पुढे निघून जातं. मागे वळून बघत नाही. पैसे घेणारा तसाच जातो.

बंदरावरून
हे आवडलं. एक गुण तुम्हाला.

शिवारातला
मी जपानी शिकलेलो नाही, पुतण्याने हा धागा पाठवला म्हणून वाचतोय. पण त्याने एक शब्द सांगितला तो इथे टाकलाच पाहिजे. मुगिफुमि. मुगि म्हणजे गहू, जव. तिकडे थंडीत मातीत बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि कोवळ्या रोपाची मुळं उचलली जातात. म्हणून शेतकरी आडवे आडवे चालत रोपांवर पाय देत जायचे. मुळं मातीला पुन्हा चिकटतात, रोप फोफावत नाही आणि फुटवे जास्त फुटतात. आमच्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते याचसाठी. खुडलं नाही तर झाड नुसतं उंच जातं. पीक वाढावं म्हणून त्याच्यावर पाय देणं! माझ्या आज्याला हे सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

अक्षरगंध
मुगिफुमि हा हायकूमधला वसंताचा ऋतुशब्द आहे, दादा. ऐन थंडीत पाय द्यायचा आणि शब्द मोजायचा वसंतात.

कंदील
बरेच दिवस नुसता वाचक होतो. 'जिदान्दा ओ फुमु' राहिलं. रागाने, हट्टाने पाय आपटणे. यातला जिदान्दा हा जितातारावरून आलाय. तातारा म्हणजे लोखंड गाळायच्या भट्टीचा पायाने चालवायचा भाता. माणसं फळीवर उभी राहून एकामागून एक पाय दाबत, ते दृश्य हट्टी पोराच्या पाय आपटण्यासारखं. मी धातुशास्त्राचा विद्यार्थी, शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोला जाऊन आलोय. तिथे १९७७ पासून तलवारीचं पोलाद करायला दर हिवाळ्यात त्याच नावाची तातारा भट्टी पुन्हा पेटवतात. आज भाता पायाने चालवत नाहीत, पण शब्द भाषेत उरलाय. पोराने दुकानात खेळण्यासाठी पाय आपटला की तिथली आई नकळत एका जुन्या भात्याचं नाव घेते.

तांबडी_माती
आमच्याकडे लोहाराचा भाता हाताने ओढायचे. तरी पोरं पाय आपटतातच.

चुकचुक
मला फुमुची कांजी, म्हणजे लिहायचं चिनी अक्षर, लक्षात राहत नाही. कुणी युक्ती सांगेल का? पंधरा रेघा आहेत!

निशिकासाई_वारा
डावीकडे पाय. उजवीकडे वर पाणी, खाली सूर्य. मी असं ठेवलंय : पावसानंतरच्या डबक्यात सूर्य दिसतोय, पाण्याच्या खाली, आणि लहान मूल त्यात पाय देतंय. पुन्हा विसरला नाही.

चुकचुक
हो! आता दिसलं. माझ्या धाकट्या भावाचा पाय.

सोनचाफा
एक विचारू? मुलाच्या घरी तातामीची खोली होती. सासूबाई, म्हणजे सुनेची आई, मला हळूच म्हणाल्या की चटईच्या कापडी काठावर पाय देऊ नका, दाराच्या उंबऱ्यावरही नको. मी म्हटलं, उंबरठ्याचं आमच्याकडेही आहे! आम्ही त्यावर उभं राहत नाही, बसत नाही, शिंकत नाही. त्यांना इतका आनंद झाला की चहा बाजूला ठेवून त्यांनी मला विचारत विचारत यादी केली. मी त्यांना नव्या सुनेने माप ओलांडण्याचं सांगितलं. पाय लागून तांदूळ घरात सांडतात, म्हणजे पाय लागणं तिथे शुभ. त्यांना ते फार नवल वाटलं. आमच्या दोघींच्या मध्ये शब्द फार नव्हते, सूनबाई भाषांतर करत होती. पण 'फुमु' आणि 'फुमानाइ', म्हणजे पाय न देणे, हे दोन मला तिथेच पाठ झाले.

रानजाई
काकू, मी वर्गात जे वीस वर्षं करून घेतेय ते तुम्ही एका दुपारी केलंत. फुमानाइ शिकल्याशिवाय फुमु पुरतं कळत नाही. गुरूच्या मागे तीन शाकु (लांबीचं जुनं माप) अंतर ठेवून चालावं, त्याच्या सावलीवरही पाय देऊ नये, अशी जुनी शिकवण आहे. तिच्यातही फुमाझु, म्हणजे फुमानाइचंच जुनं रूप, आहे.

पायवाट
चार दिवस मागे राहून वाचत होतो. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न अजून उभा आहे : 'तो फुमु', अंदाज बांधणे. तिथे पाय कुठे आहे?

बंदरावरून
नेबुमि शब्दाकडून जा. ने म्हणजे किंमत, बुमि म्हणजे हेच फुमि. वस्तू पाहून तिची किंमत जोखणे. जुन्या वस्तूंच्या दुकानात नेबुमि करतात, आणि पहिल्या भेटीत समोरचा माणूस तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो, तीही नेबुमि. तिथून 'तो फुमु' जवळ आहे. मी मूळ शोधू नका म्हणालो होतो, तरी ही दोन एकत्र ठेवा.

शिवारातला
मी माझ्यापुरतं सांगतो. आमचे आजोबा जमीन घ्यायची असली की कागद नंतर बघायचे. आधी वावरात अनवाणी चालायचे, या बांधापासून त्या बांधापर्यंत. टाच किती रुतते, खडा कुठे लागतो, ओल कुठे आहे. बाहेर येऊन बांधावर उभे राहायचे आणि आकडा बोलायचे. तो आकडा कबुली नसायचा, पण हवेतलाही नसायचा. रान पायाखालून गेलेलं असायचं. तुमचे तिकडचे साहेब दोन आठवडे म्हणाले ते असंच असणार.

रानजाई
पायाखालून जाणं! पायवाट, हे घ्या आणि जपून ठेवा. मराठीत आपण म्हणतो, सगळा तालुका पायाखाली घातलाय, ही वाट माझ्या पायाखालची आहे. म्हणजे ओळखीची, भार देऊन पारखलेली. 'बाकाझु ओ फुमु' म्हणजे पुष्कळ प्रसंगांतून जाऊन कसलेला होणे. 'बा' म्हणजे जागा, 'काझु' संख्या, किती जागांवर पाय पडला त्याची मोजदाद. आपण तिथे बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतो, पण पायाखालची वाट जास्त जवळची आहे. आणि 'फुमाएते'सुद्धा त्यातलंच : आधी झालेल्या गोष्टीवर दोन्ही पाय नीट रोवून मग पुढचं बोलणे. मेलमध्ये 'लक्षात घेऊन' असं भाषांतर चालतं, पण जपानी माणूस तिथे उभा असतो, नुसता बघत नसतो.

बंदरावरून
ताई, 'लक्षात घेऊन' मी अठरा वर्षं लिहितोय. 'त्या आधारावर' जास्त नेमकं होईल. आजपासून बदलतो.

कंदील
आणि 'मिचि ओ फुमिहाझुसु', वाट सोडून पाऊल पडणे. आपलं वाकडं पाऊल. यात भाषांतरच नको.

निशिकासाई_वारा
परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक सूचना. 'नि नो आशि ओ फुमु' म्हणजे पहिलं पाऊल टाकलं, दुसरं जागच्या जागीच पडलं, म्हणून कचरणे. 'नि नो माइ ओ एन्जिरु' म्हणजे दुसऱ्याची चूक पुन्हा करणे, त्यात नाच आहे, पाय नाही. बोलताना जपानी लोकही 'नि नो माइ ओ फुमु' म्हणून जातात. पण परीक्षेत नाच नाचवायचा, पाय द्यायचा नाही.

पायवाट
वहीत लिहिलं. शिवारातला दादा, बांधावरचे आजोबा मला पुढच्या कॉलमध्ये आठवणार आहेत. काल तिकडच्या प्रमुखांना मेल लिहिला, पहिलं वाक्य असं : "मिनासामा नो गोइकेन् ओ फुमान्दे, निश्यूकान् वा काकारु तो फुन्दे ओरिमास." म्हणजे, सगळ्यांच्या मतांच्या आधारावर माझा अंदाज आहे की दोन आठवडे तरी लागतील. मिनिट्समध्ये 'अंदाज' असं ठळक लिहिलंय. बरोबर आहे ना?

रानजाई
दुसरा अर्धा भाग उत्तम. पहिल्यात 'फुमाएते' हवं. फुमाएरु दुसऱ्या गटातलं क्रियापद आहे, फुमुसारखं चालत नाही. दुरुस्त करून आजच पुन्हा पाठवा, ते समजून घेतील.

पायवाट
पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. दुरुस्तीबद्दल एक शब्द नाही, फक्त विचारलंय की दोन आठवड्यांचा अंदाज तुमच्या बाजूनेही तेवढाच आहे का.

शिवारातला
मग आता वावरात उतरा.